विश्लेषण : कृष्णधवल चित्रपटातला ‘हिरवा’ धोका! सिलिंडरच्या रंगावर विसंबणे किती महागात पडू शकते?

‘ग्रीन फॉर डेंजर’ हा १९४६ चा ब्रिटिश रहस्यपट. नावात हिरवा रंग, पण चित्रपट कृष्णधवल. ज्या रंगावर सगळे रहस्य उभे आहे, तो रंग प्रेक्षकाला पडद्यावर दिसतच नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालेल्या एका खुनाची ही गोष्ट आजही रहस्यपटांच्या चाहत्यांमध्ये आवडीने पाहिली जाते. मात्र त्यात दाखवलेली त्रुटी केवळ कल्पनेतली नव्हती. ती दूर करण्यासाठी वैद्यकीय उपकरणांची रचना बदलावी लागली आणि त्यानंतरही ती पुरती गेलेली नाही. हा चित्रपट काय आहे, त्यातला खून कसा होतो आणि आपल्याकडच्या ऑक्सिजन सिलिंडरशी त्याचा काय संबंध, हे समजून घेऊ. (खून कसा झाला, हे पुढे सांगितले आहे. कोणी केला, हे नाही.)

चित्रपट कोणाचा, कादंबरी कोणाची?

ख्रिस्तिआना ब्रँड या लेखिकेची ‘ग्रीन फॉर डेंजर’ ही कादंबरी १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असतानाच प्रसिद्ध झाली. ब्रँड यांचा जन्म १९०७ चा, तेव्हाच्या ब्रिटिश मलायातला. त्यांच्या बालपणाचा काही काळ भारतात गेला. त्यांचे पती शल्यचिकित्सक होते. त्यामुळे रुग्णालय आतून कसे चालते, हे त्यांना जवळून ठाऊक होते. लहान मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘नर्स मटिल्डा’च्या गोष्टींवरून पुढे २००५ मध्ये ‘नॅनी मॅक्फी’ हा चित्रपट निघाला. तो पाहिलेल्या अनेकांना या लेखिकेची दुसरी ओळख रहस्यकथाकार ही आहे, याची कल्पना नसते.

दोनच वर्षांत कादंबरीवर चित्रपट आला. दिग्दर्शक सिडनी गिलियट, निर्माते गिलियट आणि फ्रँक लाँडर. या जोडीने त्याआधी हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८) या गाजलेल्या चित्रपटाची पटकथा लिहिली होती. महायुद्धानंतर पाइनवुड स्टुडिओ पुन्हा सुरू झाला, तेव्हा तिथे तयार झालेला हा पहिला चित्रपट मानला जातो. भूलतज्ज्ञ डॉ. बार्न्सच्या भूमिकेत ट्रेव्हर हॉवर्ड, शल्यचिकित्सक डॉ. ईडनच्या भूमिकेत लिओ जेन आणि इन्स्पेक्टर कॉकरिलच्या भूमिकेत अ‍ॅलिस्टर सिम, अशी कलाकारांची फळी होती.

गोष्ट नेमकी काय आहे?

काळ ऑगस्ट १९४४. इंग्लंडवर जर्मनीचे व्ही-१ बॉम्ब पडत आहेत. हे वैमानिकाशिवाय उडणारे बॉम्ब होते. त्यांच्या इंजिनाची घरघर दुरून ऐकू येई. ती अचानक थांबली की काही क्षणांत स्फोट ठरलेला. आवाज येत आहे तोवर आपण वाचलो आणि शांतता पसरली की धोका, अशी उलटी तऱ्हा. चित्रपटभर ही घरघर आणि ही शांतता पार्श्वभूमीला आहे.

ग्रामीण भागातल्या हेरन्स पार्क या आपत्कालीन रुग्णालयात बॉम्बहल्ल्यात जखमी झालेला पोस्टमन जोसेफ हिगिन्स दाखल होतो. जखम जिवावर बेतण्याइतकी गंभीर नाही. शस्त्रक्रिया ठरते, भूल दिली जाते आणि शस्त्रक्रिया नीट सुरू होण्याआधीच तो टेबलावर दगावतो. सुरुवातीला हा अपघात समजला जातो. संशयाची सुई भूलतज्ज्ञावर येते, कारण भूल देताना रुग्ण दगावण्याची त्याच्या हातून घडलेली ही पहिली घटना नसते. मग एक परिचारिका भर समारंभात जाहीर करते, की हा खून होता आणि तिच्याकडे त्याचा पुरावा आहे. त्याच रात्री तिचाही खून होतो.

यानंतर येतो इन्स्पेक्टर कॉकरिल. चित्रपटाचा बराच भाग उलटून गेल्यावर तो पडद्यावर दिसतो आणि पुढचा चित्रपट खिशात घालतो. लोकांना खिजवणारा, आपल्या हुशारीवर खूश असलेला, पण व्ही-१ सारखा आवाज आला की सगळ्यात आधी आडोसा शोधणारा. झोपण्यापूर्वी तो रहस्यकादंबरी वाचतो, खुनी कोण ते ओळखल्याच्या आनंदात शेवटचे पान उघडतो आणि त्याचा अंदाज चुकलेला असतो. हा प्रसंग विनोदासाठी आहेच, पण त्यात पुढची सूचनाही आहे. शेवटी कॉकरिलची एक चूक खरोखरच कोणाच्या तरी जिवावर बेतते.

खून कसा झाला?

त्या काळच्या भूल देण्याच्या यंत्रावर निरनिराळ्या वायूंचे सिलिंडर जोडलेले असत. भूल देण्यासाठी नायट्रस ऑक्साइड, रुग्णाला जिवंत ठेवण्यासाठी ऑक्सिजन आणि तिसरा, आज ऐकायला विचित्र वाटेल असा, कार्बन डायऑक्साइड. ब्रिटिश भूलतज्ज्ञ हेन्री बॉइल यांच्या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र १९१७ चे. आपल्याकडच्या रुग्णालयांतही भूल देण्याच्या यंत्राला आजवर ‘बॉइल्स मशीन’च म्हटले जाते.

ब्रिटनमध्ये तेव्हा ऑक्सिजनचा सिलिंडर काळा-पांढरा, तर कार्बन डायऑक्साइडचा हिरवा असे. चित्रपटातला खुनी काय करतो? कार्बन डायऑक्साइडच्या हिरव्या सिलिंडरवर काळा-पांढरा रंग चढवतो. बस्स. विष नाही, इंजेक्शन नाही, यंत्राची मोडतोड नाही. पुढचे काम भूलतज्ज्ञ स्वतःच्या हाताने आणि पूर्ण प्रामाणिकपणे करतो.

रुग्ण निळा पडू लागतो. अशा वेळी कोणताही भूलतज्ज्ञ ऑक्सिजन वाढवेल. इथेही तसेच होते. पण ‘ऑक्सिजन’ वाढवला की रुग्णाची अवस्था आणखी बिघडते, म्हणून तो आणखी वाढवला जातो. वाचवण्यासाठी केलेली प्रत्येक कृती रुग्णाला मृत्यूकडे ढकलते. या गुन्ह्याची खरी भीषणता इथे आहे.

खुन्याला पकडून देतो तोही रंगच. एका गाऊनवर पडलेला रंगाचा डाग तपासातला कळीचा दुवा ठरतो. शेवटी कॉकरिल सर्व संशयितांना त्याच शस्त्रक्रियागृहात जमवून पुन्हा शस्त्रक्रियेचा घाट घालतो. टेबलावर दुसरा रुग्ण, बाजूला तीच माणसे. पुन्हा तोच प्रकार घडू लागतो, तेव्हा त्याचे लक्ष माणसांवरून सिलिंडरकडे जाते.

पण कार्बन डायऑक्साइड यंत्रावर होताच कशाला?

आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून, असा समज असतो. प्रत्यक्षात मेंदूला ‘श्वास घे’ असा इशारा मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे मिळतो. श्वास रोखून धरल्यावर काही वेळाने जो जीव घाबरा होतो, तो त्यामुळेच. म्हणून भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला तर त्याला थोडासा कार्बन डायऑक्साइड देऊन श्वास खोल करण्याची पद्धत तेव्हा होती.

प्रश्न प्रमाणाचा आहे. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. आपल्या उच्छ्वासात तो चार ते पाच टक्के असतो. श्वासातले प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले, तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. सिलिंडरमध्ये असतो तो शुद्ध वायू. ऑक्सिजन बंद आणि त्याऐवजी शुद्ध कार्बन डायऑक्साइड, हे मिश्रण काही श्वासांतच घातक ठरते. त्याला रंग नाही आणि फ्लोमीटर त्याला ओळखत नाही. कारण फ्लोमीटर फक्त ‘वायू वाहतो आहे’ एवढेच सांगतो, ‘कोणता’ ते सांगत नाही.

पुढे श्वासावर नियंत्रण ठेवण्याच्या चांगल्या पद्धती आल्या. चुकून जास्त कार्बन डायऑक्साइड दिला जाण्याचा धोका लक्षात घेऊन भूल देण्याच्या यंत्रावरून हा सिलिंडर हळूहळू हद्दपार झाला.

रंगांचा गोंधळ आजही आहे का?

आहे. भारतात वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा असतो, नायट्रस ऑक्साइडचा निळा, कार्बन डायऑक्साइडचा करडा. अमेरिकेत मात्र ऑक्सिजनचा रंग चक्क हिरवा आहे! म्हणजे ज्या रंगाला ब्रँड यांनी कादंबरीच्या नावातच धोका म्हटले, तोच रंग अटलांटिकपलीकडे प्राणवायूचा. ब्रिटनमध्ये कार्बन डायऑक्साइड नंतर हिरव्याचा करडा झाला आणि आता पूर्ण पांढऱ्या अंगाचे ऑक्सिजन सिलिंडरही तिथे आले आहेत.

एका देशात शिकलेला डॉक्टर दुसऱ्या देशात काम करतो, आपत्तीच्या वेळी एका देशातले सिलिंडर दुसरीकडे जातात, जुना रंग उडतो, नवा चढतो. त्यामुळे सिलिंडरवरच्या रंगाबरोबरच वायूचे नाव लिहिलेली पट्टी वाचणे बंधनकारक मानले जाते. रंग हा पहिला इशारा आहे, पुरावा नव्हे.

मग उपाय काय निघाला?

उपाय निघाला तो रंगात नाही, आकारात. मोबाइलचे सिमकार्ड आठवा. त्याचा एक कोपरा कापलेला असतो, त्यामुळे ते ट्रेमध्ये एकाच बाजूने बसते. त्यासाठी कोणतीही सूचना वाचावी लागत नाही. तीन पिनांच्या प्लगचेही तसेच. घाईत, अंधारात, कंटाळलेल्या माणसाकडूनही चूक होऊ नये, म्हणून वस्तूलाच ‘नाही’ म्हणायला शिकवायचे, हे त्यामागचे तत्त्व.

१९५२ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर सहा वर्षांनी, वैद्यकीय वायूंसाठी ‘पिन इंडेक्स सेफ्टी सिस्टिम’ आली. भूल देण्याच्या यंत्रावर बसणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर ठरावीक जागी दोन छिद्रे असतात आणि यंत्राच्या पकडीत त्याच जागी दोन पिना. प्रत्येक वायूच्या जागा वेगळ्या. ऑक्सिजनसाठी दोन आणि पाच क्रमांकाची जागा, नायट्रस ऑक्साइडसाठी तीन आणि पाच, शुद्ध कार्बन डायऑक्साइडसाठी एक आणि सहा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर कितीही सफाईने काळा-पांढरा रंग दिला, तरी तो ऑक्सिजनच्या जागी बसणार नाही. ‘ग्रीन फॉर डेंजर’मधला खून या एका बदलाने जवळपास अशक्य झाला.

इतके झाल्यावर धोका संपला का?

नाही. पिना झिजतात, तुटतात. घाईत कोणी एकावर एक दोन वॉशर लावून सिलिंडर जबरदस्तीने बसवल्याची उदाहरणे भूलशास्त्राच्या अभ्यासक्रमात इशारा म्हणून शिकवली जातात. आणि योग्य आकाराच्या सिलिंडरमध्ये भरतानाच चुकीचा वायू गेला, तर पिन काय करणार?

त्यातही आज मोठ्या रुग्णालयांत ऑक्सिजन सिलिंडरने नव्हे, तर पाइपलाइनने खाटेपर्यंत येतो. भिंतीवरच्या आउटलेटला प्रत्येक वायूसाठी वेगळ्या घडणीची जोडणी असते. पण भिंतीच्या आत काय असते? तांब्याच्या नळ्या. आणि तांब्याची नळी तांब्याच्या कोणत्याही नळीला जोडता येते. आकाराचे कुलूप भिंतीच्या बाहेरच राहते. आत पुन्हा भरवसा लेबलवर आणि जोडणाऱ्याच्या दक्षतेवर.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका रुग्णालयात नेमके हेच घडले. शस्त्रक्रियागृहातल्या, नवजात बाळांसाठीच्या ‘ऑक्सिजन’ लिहिलेल्या आउटलेटमधून नायट्रस ऑक्साइड येत होता. एक बाळ दगावले, दुसऱ्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. वाहिनी बसवताना चूक झाली होती आणि ती सुरू करण्यापूर्वीच्या चाचणीत ती पकडली गेली नव्हती. त्याच वर्षी इंदूरमधल्या एका सरकारी रुग्णालयात नव्याने सुरू झालेल्या शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड दिला गेल्याने दोन बालकांचा मृत्यू झाला.

या दोन्ही ठिकाणी कोणी खुनी नव्हता. मात्र खाटेशी उभा असलेला डॉक्टर चित्रपटातल्या डॉ. बार्न्सच्याच जागी होता. लेबलवर ‘ऑक्सिजन’ लिहिले आहे, मीटर वायू वाहत असल्याचे दाखवत आहे आणि रुग्ण हातातून निसटतो आहे.

करोनाकाळात सिलिंडरचे रंग बदलले गेले होते का?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर घराघरांत परिचयाचा झाला. टेम्पोतून, रिक्षातून, प्रसंगी दुचाकीवरून लोक तो नेत होते. सिलिंडर कमी पडू लागले तेव्हा उद्योगांत वापरले जाणारे नायट्रोजन आणि आर्गॉनचे सिलिंडर ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी देण्यात आली. भारतात वायूच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवते ती ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

इथेही सिलिंडरला नवा रंग द्यायचाच होता. पण चित्रपटातला प्रकार आणि हा, यांत मोठा फरक आहे. अशा बदलात आधीचा वायू पूर्ण काढून टाकणे, सिलिंडर आतून स्वच्छ करणे, व्हॉल्व्ह बदलणे आणि मगच रंग देणे, हा क्रम महत्त्वाचा. व्हॉल्व्ह न बदलता फक्त रंग बदलणे म्हणजे हेरन्स पार्कमध्ये झाले तेच. निर्जंतुकीकरण न झालेला किंवा आत काय आहे याची खात्री नसलेला सिलिंडर बाहेरून कितीही योग्य रंगाचा दिसला, तरी रुग्णासाठी धोकाच.

आज डॉक्टरांकडे कोणती साधने आहेत?

सगळ्यात मोठा बदल हा, की आता वायू ‘ओळखणारी’ साधने आली. यंत्रातून रुग्णाकडे जाणाऱ्या मिश्रणात खरोखर किती ऑक्सिजन आहे, हे ऑक्सिजन अ‍ॅनालायझर मोजतो. लेबलवर काय लिहिले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॅप्नोग्राफ दाखवतो. आणि करोनाकाळात आपण सगळ्यांनी बोटाला लावला तो पल्स ऑक्सिमीटर रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण सांगतो. त्याचे तत्त्व १९७० च्या दशकात जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी शोधले. डॉ. बार्न्सकडे यातले एकही साधन नव्हते. रुग्णाच्या ओठांचा आणि नखांचा रंग पाहणे, एवढेच त्याच्या हातात होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीतही भूल देण्यापूर्वी यंत्राची तपासणी झाली का आणि पल्स ऑक्सिमीटर सुरू आहे का, हे मोठ्याने विचारायचे असते. नवी पाइपलाइन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक आउटलेटमधून येणारा वायू अ‍ॅनालायझर लावून तपासणे हाही त्याच साखळीतला दुवा. सिडनीत तोच निसटला होता.

एक गोष्ट मात्र साधनांच्या पलीकडची आहे. दिलेला ऑक्सिजन वाढवूनही रुग्ण बिघडत असेल, तर ‘हा खरेच ऑक्सिजन आहे का?’ असा प्रश्न कोणाला तरी सुचला पाहिजे. भूलतज्ज्ञांना आज असेच शिकवले जाते. शंका आली की पाइपलाइन काढा, राखीव सिलिंडर उघडा आणि तेही जमले नाही तर यंत्र बाजूला ठेवून हाताने दाबायच्या पिशवीने साध्या हवेवर श्वास द्या. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि त्यावर कोणाला खोटे लेबल लावता येत नाही.

हा चित्रपट आज का पाहावा?

सुमारे दीड तासाचा हा चित्रपट रहस्यपट म्हणून आजही कुठे रेंगाळत नाही. संवाद चटपटीत आहेत, संशयित मोजकेच आहेत आणि प्रत्येकाकडे काही ना काही लपवण्यासारखे आहे. अ‍ॅलिस्टर सिमचा कॉकरिल तर पुन्हा पुन्हा पाहावा असा. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला या चित्रपटाने एक अवघड प्रश्न विचारला. आकाशातून पडणाऱ्या बॉम्बपासून जीव वाचवून माणूस रुग्णालयात येतो तो विश्वासाने. तो विश्वास नेमका कशावर उभा असतो?

हिगिन्सच्या बाबतीत तो उभा होता रंगाच्या एका पातळ थरावर. चित्रपट पाहताना शस्त्रक्रियेच्या पहिल्या प्रसंगात सिलिंडरकडे नीट लक्ष द्या. हिरव्यावर काळा-पांढरा चढवला आहे, हे माहीत असूनही कृष्णधवल पडद्यावर तो ओळखता येत नाही. टेबलापाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञालाही तो ओळखता आला नव्हता.